सदतिसाव्या पानावरची ओळ

बाबांच्या शेगडीची दोन्ही बटणं आठवडाभर माझ्या पर्समध्ये होती. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी स्वतःबद्दल काही बरं बोलले, तर ते ऐकताना ही बटणं लक्षात असू द्यावीत.

बाबा तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहतात. वय शहात्तर. पंचेचाळीस वर्षं त्यांनी एकाच छापखान्यासाठी प्रुफं तपासली. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या, समासात खुणा करायच्या, आणि लेखकाने आभार मानताना आपलं नाव विसरलं तरी हसून सोडून द्यायचं, असं ते काम. डोळ्यांत तेल घालून करायचं. आता तेच डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. मधोमध धुकं आणि कडेकडेचं तेवढं दिसतं. "मला तुझे कान दिसतात, तोंड नाही," ते म्हणतात. "तोंड बंद आहे की नाही हे मात्र ऐकू येतं."

त्या दिवशी दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. बाबांना सर्दी, त्यामुळे वास कळला नाही. खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहतात. वास आला तशा त्या मशीन सोडून धावत वर आल्या, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा बाबा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. मी शेगडीची बटणं खेचून काढली, पर्समध्ये टाकली, आणि त्यांना काही बोलले नाही.

मी रुग्णालयात सिस्टर आहे. सव्वीस वर्षं झाली. चाळीस खाटांचा वॉर्ड माझ्या एका आवाजावर चालतो. कोणी कधी उठायचं, काय खायचं, कोणाला भेटायचं, सगळं मी ठरवते आणि माणसं बरी होऊन घरी जातात. त्यामुळे बाबांचंही मी ठरवून टाकलं. माझ्या घरातली आतली खोली रिकामी केली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, पलंगाशी घंटी ठेवली. दुसऱ्या शहरातल्या धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू ठरव. मी तुझ्या बाजूनं." त्याचं नेहमीच असं. बाजू घेतो, भार घेत नाही.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आत्ता नाही. छापखान्याच्या मालकांनी एक पुस्तक पाठवलंय. ते हातावेगळं होईपर्यंत हा विषय काढायचा नाही."

"पुस्तक? बाबा, तुम्हाला दिसत कुठे आहे?"

"तू वाच. मी ऐकतो. तुझी आई बावीस वर्षं शेजारी बसून मूळ प्रत वाचत होतीच की."

एकशे बारा पानांचं पुस्तक होतं. महाविद्यालयातल्या मुलांना निरनिराळ्या राजकीय विचारसरणींची ओळख करून देणारं. कोणा प्राध्यापकांनी लिहिलेलं. मी मनात हिशेब केला, दहा दिवस. तेवढं त्यांच्या मनासारखं होऊ दे, मग गाडी आणू. मी हो म्हटलं.

सकाळची पाळी संपवून चार वाजता मी त्यांच्याकडे जायचे. खिडकीपाशी टेबल. त्यावर आईची पट्टी, बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेली, कडा घासून मऊ झालेल्या. ती ओळीखाली धरायची आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायचं. मी उजवं टोक धरायचे, बाबा डाव्या टोकावर बोट ठेवायचे. "अक्षर नाही तर नाही," ते म्हणाले, "ओळ तरी हाताला लागू दे." आणि वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद. पहिल्या दिवशी माझा घसा बसला आणि डोकं फिरलं. रस्त्यावर भाजीवालीशी बोलतानाही मी वाक्याच्या शेवटी पूर्णविराम म्हणाले.

सुरुवात अभिजात उदारमतवादाने होती. मला वाटलं होतं, काहीतरी जड असणार. पण लेखक साधा माणूस दिसला. माणूस हा स्वतःचा मालक असतो. त्याचं मत, त्याचा देव किंवा देव नसणं, त्याचं काम, त्याच्या कष्टाची कमाई ही त्याची. राज्यसत्ता ही गोष्ट लागते, पण राखणदारासारखी. तिने दार राखावं, घरात शिरून भांडी लावू नयेत. कायदा राजालाही तोच आणि हमालालाही तोच.

"म्हणजे कोणी कोणाला काही सांगायचंच नाही?" मी म्हटलं.

"सांगायचं की. समजवायचं, भांडायचं, रुसायचं. हात धरून ओढायचं नाही."

"आणि माणूस खड्ड्यात पडत असला तर?"

"तर ओरडायचं, खड्डा आहे म्हणून," बाबा म्हणाले. "मग त्याचं तो बघेल. पुढे वाच, अर्धविराम राहिला."

मी पर्सकडे पाहिलं. ती खुर्चीच्या पाठीला लटकत होती.

बाबांनी बटणांबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मी सकाळी डबा आणि थर्मासमधून चहा पोचवत होते. डबा ते निमूट खात आणि चहा पीत. भांडले असते तर बरं वाटलं असतं. भांडायला मी तयारच होते, सगळी उत्तरं पाठ होती. पण ते शेगडीपाशी जायचे, ओट्यावरून हात फिरवायचे, आणि परत येऊन म्हणायचे, "चल, कुठवर आलो होतो?"

तिसऱ्या दिवशी आम्ही सदतिसाव्या पानावर आलो. नजर वाचण्याच्या थोडी पुढे धावते, तशी माझी धावली आणि मला ते वाक्य दिसलं. प्रौढ माणसावर, केवळ त्याच्या भल्यासाठी म्हणून, बळजबरी करण्याचा अधिकार ना राज्याला आहे, ना शेजाऱ्याला, ना त्याच्या आप्तांना. त्यापुढे आणखी काहीतरी होतं. पण 'आप्तांना'पाशी माझं डोकं तापलं. प्राध्यापकांना काय जातंय लिहायला! त्यांच्या वडिलांनी दूध उतू घालवलं होतं का? हे वाक्य बाबांच्या हातात दिलं की ते पुढची दहा वर्षं माझ्यापुढे नाचवणार.

मी ते वाचलंच नाही. पट्टी खाली नेली आणि पुढच्या वाक्यावर गेले. "म्हणूनच उदारमतवादी माणूस आधी विचारतो की, स्वल्पविराम, नुकसान नक्की कोणाचे होत आहे."

"थांब," बाबा म्हणाले. "हा 'म्हणूनच' कुठून टपकला? कशामुळे 'म्हणूनच'? इथे ओळ गळली असणार. मूळ प्रत बघ."

मूळ प्रत, प्राध्यापकांच्या हातची, बाजूलाच होती. त्यातही ते वाक्य होतंच, ठळक निळ्या शाईत.

"मुळातही असंच आहे," मी म्हटलं.

बाबांचं बोट पट्टीवर तसंच राहिलं.  मग ते म्हणाले, "ठीक आहे. समासात प्रश्न लिही. येथे काही गळले आहे काय? खाली माझी आद्याक्षरं घाल."

मी लिहिलं. ठणठणीत, एकही चूक नसलेल्या पानावर मी वडिलांच्या नावाने खोटा प्रश्न लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा छापखान्यात पोचवून आले.

पुढचे दोन दिवस बरे गेले. परंपरावादाचं प्रकरण निघालं. "'पुराणमतवाद' नाही लिहिलं, छान केलं," बाबा म्हणाले. "ती शिवी वाटते. माणसाची ओळख करून देताना शिवी देऊन सुरुवात करू नये." त्या प्रकरणात म्हटलं होतं की, जे फार दिवस टिकून आहे ते मोडण्याआधी ते का टिकलं हे तरी विचारावं, कारण त्यात अनेकांचं शहाणपण मुरलेलं असतं आणि ते वरून दिसत नाही. मला ते पटलं. मी म्हणाले, वॉर्डात नवा डॉक्टर आला की पहिल्या दिवशी कपाटं हलवतो, आणि पहिल्या रात्री कोणाला काही सापडत नाही.

बाबा हसले. मग म्हणाले, "इथून ओटा चार पावलं. दार सहा. मोरीची पायरी उजव्या पायाला लागते. चाळीस वर्षांत पाठ झालंय ते. तुझ्या घरी दांडा आहे, घंटी आहे, सगळं आहे गं. पण तिथे मी आंधळा होईन."

 मी पान उलटलं.

समाजवादाच्या प्रकरणावर मात्र मी खूश झाले. एकट्याच्या मोकळेपणाने पोट भरत नाही, उपाशी माणसाला करार करायची मुभा आहे म्हणणं ही थट्टा आहे, ज्याला जेवढी गरज तेवढं त्याला मिळावं, असं सगळं. "हा आमचा वॉर्ड!" मी म्हटलं. "ज्याला जास्त दुखतंय त्याच्याकडे आधी जायचं."

"आहेच," बाबा म्हणाले. "हे प्रकरण सावकाश वाच. छापखान्यात आमचे कामाचे तास आठ झाले ते आम्ही सगळे एकत्र दारात बसलो म्हणून, मालकांच्या वडिलांना पाझर फुटला म्हणून नव्हे. मोठे झाल्यावर मी उदारमतवादी झालो, पण ते दारात बसणं विसरलेलो नाही." मग त्यांनी मान तिरकी करून माझे कान पाहिले. "तुझ्या वॉर्डात खिडकी उघडी ठेवायची की बंद, हे पेशंट ठरवतो का?"

"छे. मी ठरवते."

"मग पुढचं पान वाच. तिथे लेखकाने तुझ्यासारख्यांबद्दल काळजी व्यक्त केलेली असणार."

खरोखरच होती. वाटप करणाऱ्याच्या हाती सगळं गेलं की तो वाटप करता करता मालक होऊन बसतो, असं काहीतरी. मी ते तोंड वाकडं करून, पण पूर्ण वाचलं. स्वल्पविरामासकट.

सहाव्या दिवशी वॉर्डातच मला छापखान्याच्या मालकांचा फोन आला. फार प्रेमळ माणूस. इतका हळू बोलत होता की, मला आधी वाटलं कोणी गेलं की काय.

"ताई, बाबांना काही बोलू नका," ते म्हणाले. "सदतिसाव्या पानावर त्यांनी प्रश्न काढलाय. पण ओळ आहे हो तिथे. स्वच्छ आहे. मुळातही आहे. पंचेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी खूण केली की, आम्ही डोळे मिटून दुरुस्ती करायचो. आता ऐकण्यातही गडबड व्हायला लागली म्हणजे... उरलेली पानं मी दुसरीकडे देतो. यापुढे त्यांना त्रास नको. तुम्ही त्यांना घरी नेताय ना? चांगलं करताय."

मला हवं होतं ते सगळं त्या फोनमध्ये होतं. काम गेलं, आता दोन खोल्यांत बसून राहायला बाबांकडे काही कारण उरलं नाही. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. आणि औषधांच्या कपाटासमोर उभी राहून रडले. चाळीस पेशंट बघत होते. एक म्हातारी म्हणाली, "सिस्टर, बसा जरा." मी बसले. सव्वीस वर्षांत वॉर्डात पहिल्यांदा कोणाचं तरी ऐकलं.

चार वाजता बाबा टेबलाशी तयार बसले होते. पट्टी पुढ्यात. मी खुर्ची ओढली नाही, उभ्यानेच सांगितलं. "बाबा, ओळ गळली नव्हती. मी गाळली. मुळात आहे, प्रुफात आहे. मी खोटं बोलले. आणि मालकांना वाटतंय की तुमची चूक झाली. त्यांनी तुमचं काम काढून घेतलंय."

बाबांचा चेहरा पडला, तो फक्त शेवटच्या वाक्याला.

"ओळ गाळलीस ते माहीत होतं," ते म्हणाले. "पट्टी एक ओळ सरकते तेव्हा केवढी सरकते ते या बोटाला पाठ आहे. त्या दिवशी ती चार ओळी सरकली."

"मग बोलला का नाहीत?"

"मुळात बघ म्हटलं, तू नाही म्हणालीस. प्रश्न लिही म्हटलं. वाटलं, लिहिताना तरी हात अडेल." त्यांनी बोटाने पट्टीची मऊ कड चाचपली. "तुझा हात धरून खरं वदवून घेतलं असतं, तर ते माझं झालं असतं. मला तुझं हवं होतं. गठ्ठा पोचवायच्या आधी सांगशील असं वाटलं होतं, एवढंच जरा चुकलं."

मी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. पन्नाशी उलटलेली बाई, वॉर्डाची सिस्टर. त्यांनी माझे केस सारखे केले, आणि चुकून कानावर हात लागला तेव्हा म्हणाले, "हा कान मला दिसतो."

मग मी मालकांना तिथूनच फोन लावला आणि बाबांच्या देखत सगळं सांगितलं.  पलीकडे मालक इतक्या जोरात हसले की, बाबांनाही ऐकू गेलं. "म्हणजे म्हातारा अजून शाबूत आहे! उरलेली पानं त्यांच्याकडेच राहू द्या. पण ताई, तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगा त्यांना."

"आता ती ओळ वाच," बाबा म्हणाले. "देणं आहे तुझ्याकडे."

मूळ प्रत घरीच होती. मी पट्टी धरली, त्यांनी बोट ठेवलं. मी सावकाश वाचलं, 'आप्तांना'पर्यंत. तिथे पूर्णविराम नव्हता. "अर्धविराम," मी म्हणाले, आणि जे त्या दिवशी रागाच्या भरात पाहिलंच नव्हतं ते वाचलं, "परंतु त्याच्या वागण्याने दुसऱ्या कोणाला इजा होत असेल, स्वल्पविराम, तर त्याला अडवता येते, पूर्णविराम."

मी ताडकन उठले. "बाबा! गॅस! तुमच्या एकट्याचा जीव नाही तो. खाली शिंपीणबाई आहेत."

बाबांनी हनुवटी चोळली. लहानपणी मी बुद्धिबळात त्यांचा वजीर मारला होता, तेव्हा चोळली होती तशी. मग त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. इथे मी हरलो. माझं घर आहे म्हणून तिचं छत मी उडवू शकत नाही." ते काठी घेऊन उठले. "पण मग तो अधिकार तिचा आहे, तुझा नाही. चल, तिला विचारू. ती नको म्हणाली तर शेगडी काढून टाकू, आणि तुझ्या घरी यायचं की नाही, त्याचं पुढे बोलू."

जिन्यात मी त्यांचा दंड धरायला गेले आणि हात मागे घेतला. ते कठडा धरून उतरले. मी एक पायरी मागे, जीव मुठीत धरून.

शिंपीणबाई कोणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होत्या. बाबांनी त्यांना सगळं नीट सांगितलं, काही लपवलं नाही. म्हणाले, मला दिसत नाही, सर्दी असली की वास येत नाही, पण स्वतःचा चहा स्वतः करायची इच्छा आहे. तुमचा जीव धोक्यात येतो, तेव्हा तुम्ही म्हणाल तसं.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. त्यांनी वर छताकडे पाहिलं. "तुमचा ओटा माझ्या मशीनच्या बरोब्बर वर आहे," त्या म्हणाल्या. "असं करा काका. गॅस पेटवलात की, काठी जमिनीवर दोनदा आपटा. बंद केलात की एकदा. दोन ऐकू आले आणि एक आला नाही, तर मी झाडूचा दांडा छताला ठोकीन. तरी नाही आला, तर वर येईन. मी घरी नसेन तेव्हा दारात लाल चिंधी बांधून जाईन. ती कडेनं दिसेल ना तुम्हाला? चिंधी असली की गॅस नाही. आणि दूध नाही तापवायचं, चहाच फक्त. कबूल?"

"कबूल," बाबा म्हणाले. "तुम्हाला याबद्दल काय द्यायचं?"

"चहा द्या की. पंधरा वर्षं तुमच्या खाली राहते, एकदा विचारलं नाहीत."

वर येताना मी विचारलं, "बाबा, हे कुठल्या प्रकरणात बसतं? करार केलात म्हणजे उदारमतवाद. पण ती तुमच्यासाठी कान देऊन बसणार, तो समाजवाद. आणि यात सरकार कुठेच नाही."

"ते शेवटच्या प्रकरणात आहे, अराज्यवाद. अजून आलं नाही," बाबा म्हणाले. "स्त्रीवादाचंही यायचंय. तुझी आई असती तर तेवढं प्रकरण माझ्याकडे बघत वाचलं असतं तिनं. बावीस वर्षं वाचून एका पुस्तकात तिचं नाव नाही, आणि मीही कधी घाला म्हणालो नाही." ते दारात थांबले. आई गेल्यावर इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं.

मी पर्समधून बटणं काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती ओळखली, अंगठ्याने फिरवून पाहिली. ओट्याशी जाऊन त्यांनी स्वतः ती बसवली. एक उलटं बसत होतं. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. 

लायटर पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. बाबांनी बटण बंद केलं, वाट पाहिली, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा निळी ज्योत भप्पकन उमलली. त्यांनी तिच्या उबेवर कान द्यावा तसा तळवा धरला, आणि काठी दोनदा आपटली. खाली मशीनचा आवाज थांबला.

तीन कप चहा झाला. एक मी खाली देऊन आले. साखर दुप्पट पडली होती. आम्ही दोघं खिडकीपाशी बसून तो पीत होतो. मी मुद्दाम ओट्याकडे पाहत नव्हते. इतक्यात पायाखालून आवाज आला. ठक. ठक.

मी अर्धी उठले. ओट्याकडे पाहिलं, गॅस बंद होता. बाबा काठी आपटायची तेवढी विसरले होते. माझ्या तोंडाशी आलं, मी आपटते. मी पुन्हा खाली बसले आणि चहाचा घोट घेतला.

बाबांनी कप ठेवला, चाचपत काठी शोधली. ती खुर्चीखाली घरंगळली होती, वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी ती एकदा आपटली. खालचं मशीन सुरू झालं.

"चल," ते म्हणाले, "कुठवर आलो होतो?"